सोसायटीत मधमाश्या याव्यात म्हणून : आधी काय, मग काय

ठाण्यात काय आणि नवी मुंबईत काय, पावसाळ्याच्या तोंडावर हेच चालतं. कुणाच्या तरी मनात येतं की फुलपाखरं, मधमाश्या हल्ली दिसत नाहीत, काहीतरी करू या. रविवारी दोन-चार गाड्या नर्सरीत जातात, फुलांनी लगडलेल्या कुंड्या येतात, गेटजवळ रांगेत लागतात, ग्रुपवर फोटो पडतात. ऑगस्टपर्यंत अर्ध्या कुजतात, उरलेल्यांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) पडतो, माळी पंप काढून फवारणी करतो. पाऊस ओसरून माश्या खरोखर फिरू लागतात, तेव्हा त्यांच्यासाठी लावलेल्या फुलांवर विष असतं.

हेतू चांगलाच असतो, क्रम उलटा असतो. झाडं लावणं हे या कामातलं पाचवं पाऊल आहे आणि बहुतेक सोसायट्या तेच पहिलं उचलतात. म्हणून हा लेख क्रमानेच वाचा आणि क्रमानेच करा. फक्त बाल्कनी असेल तर टप्पा १, २, ४, ५ आणि ६ पुरेत.

## सुरू करण्याआधी

वेळापत्रक असं ठेवा : मार्च-एप्रिलमध्ये पेस्ट कंट्रोलचा करार आणि पाहणी, मेमध्ये खड्डे आणि माती, जूनमध्ये दोन-तीन दणदणीत सरी झाल्यावर लागवड, सप्टेंबरच्या वार्षिक सभेत ठराव, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरट्यांची सोय. सध्या डिसेंबर असेल तर जूनची वाट बघत बसू नका, टप्पा १ आजच सुरू होतो.

आपण कोणासाठी हे करतोय तेही आधी ठरवून घ्या. मधमाशी म्हटलं की लोकांना लाकडी पेटी आणि मधाची बाटली दिसते. आपल्याकडे मध गोळा करणाऱ्या माश्याच चार तऱ्हेच्या आहेत. उंच इमारतींना लटकणारी मोठी आग्या, पोकळीत राहणारी सातेरी, झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी, आणि भिंतीच्या फटीत राहणारी, डंख नसलेली इवलीशी काळी माशी, जिला पोयाची माशी म्हणतात. त्याशिवाय एकटे राहणारे काळे भुंगे, निळ्या पट्ट्यांच्या माश्या, पानं गोल कापून नेणाऱ्या माश्या, फुलपाखरं, रात्रीचे पतंग आणि शिंजीर पक्षी. वांगी आणि टोमॅटोचं फूल भुंग्यासारख्या माशीने गुणगुणत हलवलं तर त्यातून पराग नीट सुटतो. सातेरीला ते जमत नाही. गच्चीवर वांग्याला फुलं येऊन गळत असतील तर पेटी आणून काही होणार नाही, भुंग्याची सोय करावी लागेल.

इशारा : मधपेटी विकत आणून पोडियमवर (पार्किंगच्या छतावरच्या मोकळ्या जागेत) ठेवणं हे पहिलं पाऊल नव्हेच. प्रशिक्षण नसेल तर ते कुठलंच पाऊल नाही. ज्यांना मधपाळ व्हायचंच आहे त्यांनी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकून यावं, मग पेटीचं बोलावं.

## टप्पा १ : आधी विष थांबवा

सोसायटीच्या ऑफिसातून पेस्ट कंट्रोलच्या वार्षिक कराराची प्रत मागा. त्यात साधारण पाच कामं एकत्र बांधलेली असतात : झुरळांसाठी जेल, उंदरांचे पिंजरे किंवा गोळ्या, वाळवी, डासांसाठी धूर आणि बागेतली फवारणी. जेल आणि पिंजऱ्यांचा माश्यांशी संबंध येत नाही, त्यावर वाद घालून शक्ती घालवू नका. आपला प्रश्न शेवटच्या दोन कामांशी आहे, आणि वाळवीचं औषध फुलझाडांच्या मुळाशी ओतत असतील तर त्याच्याशीही.

ठेकेदाराला एकच विचारा : बागेत वापरता त्या औषधाचं तांत्रिक नाव काय? ब्रँडचं नाव नको, डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं ते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फिप्रोनिल, क्लोरपायरीफॉस, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांपैकी काहीही निघालं तर ते फुलझाडांवर बंद. पहिली दोन झाडाच्या रसात भिनतात. आज फवारणी झाली आणि पंधरा दिवसांनी कळी उमलली, तरी तिच्या मधात आणि परागात ती उतरू शकतात.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. डब्यावर तिरपा चौकोन असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. "साहेब, हिरवा आहे, सेफ आहे," असं सांगितलं जातं. तो रंग माणसाला आणि जनावराला असलेल्या धोक्याची पायरी सांगतो. माशीबद्दल तो काहीच सांगत नाही.

मग मावा आणि पिठ्या ढेकणाचं (पांढऱ्या पिठासारख्या दिसणाऱ्या किडीचं) काय करायचं? पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा, फार पसरला असेल तर फांदीच छाटा. माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस लागोपाठ मारा. त्यानेही भागलं नाही तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण, तेही सूर्य मावळल्यावर, फुलं वगळून. नीम सेंद्रिय आहे म्हणून भर दुपारी फुलांवर मारणारे भरपूर आहेत. फुलपाखरांच्या अळ्या ज्या झाडांवर वाढतात त्यांवर तर नीमसुद्धा नको.

डासांचा मुद्दा नाजूक आहे. घरात डेंग्यूचा पेशंट असलेल्या माणसाला माशीचं महत्त्व सांगायला जाऊ नका. त्याला हे सांगा की धुराने फक्त उडते डास मरतात, साचलेल्या पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्याभरात नवी फौज तयार होते. त्यामुळे आधी टाक्यांची झाकणं, गच्चीवरचं भंगार, कुंड्यांखालच्या ताटल्या, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी. आठवड्यातला एक कोरडा दिवस ठरवून पाळा. जे पाणी काढता येत नाही तिथे बीटीआय हे जैविक अळीनाशक. ते डासांच्या अळ्यांवर चालतं, मधमाशीला त्रास देत नाही. कारंज्यात गप्पी मासे सोडा. साथ आली आणि महापालिकेचा आरोग्य विभाग धुराचं यंत्र घेऊन आला तर अडवू नका; दिवस मावळल्यावर या आणि वाफ्यांवर नळी रोखू नका, एवढं म्हणा.

तपासून पाहा : माळ्याच्या खोलीतल्या बाटल्या स्वतः बघितल्या का? करारात बदल झाला तरी जुनी बाटली कोपऱ्यात उभी असते आणि पहिला मावा दिसताच ती बाहेर येते. उरलेलं औषध ठेकेदाराला परत द्या, गटारात ओतू नका.

## टप्पा २ : दहा मिनिटं नुसतं बघा

खर्च शून्य, म्हणून सगळे हा टप्पा गाळतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान आवारातल्या एका फुललेल्या झाडासमोर दहा मिनिटं उभं राहा आणि येणारा प्रत्येक पाहुणा लिहा. नावं येत नसतील तर "मोठी काळी", "छोटी पट्टेवाली", "पिवळं फुलपाखरू" एवढं पुरे. असं पंधरा दिवसांत चार-पाच वेळा, दर वेळी तीच जागा आणि तीच वेळ.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, आपल्याकडे आधीच कोण येतं. येऊर, पारसिक किंवा खारघरच्या डोंगराच्या कडेला असाल तर यादी लांब निघेल. खाडीकडेला असाल तर वेगळी, कारण तिवरं फुलली की माश्या तिकडे जातात. दोन, कोणत्या झाडाला कुणीच विचारत नाही. बोगनवेल रंगाने भरलेली असते आणि तिच्याकडे पाहुणे मोजकेच. ते पाहिलं की कमिटीला वेगळं पटवावं लागत नाही.

मधमाशीसारखीच पट्टेरी पण हवेत एकाच जागी तरंगणारी माशी दिसली तर तीही आपलीच माना. तिला पंखांची एकच जोडी असते, ती डंख मारत नाही, आणि तशा बऱ्याच माश्यांच्या अळ्या मावा खाऊन वाढतात.

## टप्पा ३ : जागा, माती, परवानगी

आधी ऊन पाहा. रोज किमान चार-पाच तास ऊन नसेल तिथे फुलांचा वाफा करू नका. दोन टॉवरच्या मधल्या गल्लीत फुलं लावून ती फुलत नाहीत म्हणून खत घालत बसणं हा एक लोकप्रिय उद्योग आहे.

जमीन तीन तऱ्हेची असते आणि प्रत्येकीची अडचण निराळी. घोडबंदर रोडच्या नव्या संकुलांत बाग बहुधा पार्किंगच्या छतावर असते. तिथे मातीची खोली मर्यादित, त्यामुळे झुडपं आणि वेलीच लावा. जांभूळ, करंज, बहावा पोडियमवर नकोत. खालचं वॉटरप्रूफिंग फुटलं की दोष झाडाला जातो आणि सगळी बागच उखडली जाते. नवी मुंबईत खाडीकडच्या सेक्टरांत वरचा थर भरावाचा, मुरमाड आणि पुष्कळदा खारट असतो. तिथे झाडासाठी तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढून त्यात लाल माती आणि शेणखत भरावं लागतं. जुन्या ठाण्यातल्या चाळी-बंगल्यांच्या आवारात माती चांगली असते, पण झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आलेले असतात. बुंध्याभोवती मीटरभर तरी मोकळं करा.

परवानगीचं म्हणाल तर झाड लावायला सोसायटीच्या कमिटीची पुरते. तोडायला किंवा छाटायला मात्र महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. रस्त्याकडेचा मोकळा तुकडा सिडकोचा किंवा महापालिकेचा असतो. तिथे उद्यान विभागाला पत्र दिल्याशिवाय फावडं लावू नका.

इशारा : पावसाळ्यापूर्वीची छाटणी एप्रिल-मेमध्ये होते आणि करंज, जांभूळ, बहावा, तामण यांचा बहर नेमका त्याच सुमाराला असतो. ठेकेदार झाडाचा खराटा करून जातो आणि वर्षातली सर्वांत मोठी मेजवानी ट्रकमध्ये भरली जाते. वाळलेल्या आणि धोकादायक फांद्यांसाठी अर्ज आधीच करून त्या हिवाळ्यात काढून घ्या. एप्रिलात छाटणी टळत नसेल तर कुठल्या फांद्या, ते खडूने खूण करून सांगा आणि समोर उभे राहा.

## टप्पा ४ : काय लावायचं ते महिन्यांवरून ठरवा

नर्सरीत त्या दिवशी जे फुललेलं दिसतं ते घेतलं जातं, म्हणून एकाच महिन्यात सगळं फुलतं आणि पुढे चार महिने उपास. कॅलेंडर समोर ठेवा आणि प्रत्येक ऋतूला निदान तीन प्रकारची फुलं मिळतील असं बघा.

माघ ते होळी : पांगारा, पळस, काटेसावर, जागा मोठी असेल तरच. पक्षी आणि माश्या दोघेही येतात. लहान जागेत अडुळसा, तो हिवाळ्यापासून फुललेला असतो. शिवाय सीता-अशोक.

पाडवा ते ज्येष्ठ : कडुनिंब, जांभूळ, करंज, बहावा, तामण. वर्षातला हा सुगीचा काळ. आवारात यांपैकी जुनं झाड असेल तर ते जपणं हे नव्या पन्नास कुंड्यांपेक्षा मोठं काम आहे.

आषाढ ते भाद्रपद : खरी टंचाई इथे असते. पावसाने पराग धुऊन जातो, माश्यांना बाहेर पडायला सलग उघडीप मिळत नाही. गौरीला आणतो तो तेरडा, केना, काकडी-दुधी-दोडक्याचे वेल, आणि आडोशाला असलेली तुळस व सब्जा. आपोआप उगवलेली एकदांडी माळ्याला तण वाटते. फुलपाखरांना ती फार आवडते. एक कोपरा न खुरपता ठेवा.

नवरात्र ते संक्रांत : कोरांटी, झेंडू, कॉसमॉस, झिनिया, सूर्यफूल, खुळखुळा. कोथिंबीर, मुळा, मोहरी, बडीशेप यांची काही रोपं काढून न घेता फुलू द्या.

बारमाही : नारळ, शेवगा, एकेरी जास्वंद, इक्झोरा, पेंटास, हमेलिया. शेवटची दोन परदेशी आहेत. देशीचा आग्रह मला मान्य आहे, पण पोडियमवरच्या फूटभर मातीत वर्षभर फुलणारं पेंटास मी नाकारणार नाही.

तुळशीबद्दल थोडं. रोप डेरेदार राहावं म्हणून आपण मंजिऱ्या खुडतो. सगळ्या खुडू नका, निम्म्या ठेवा. कुंडीतल्या कुठल्या एकाच रोपावर माश्यांची सर्वाधिक ये-जा असेल तर ते बहुतेक वेळा हेच.

न लावायची यादीही लक्षात ठेवा. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या जास्वंदी आणि गुलाब : पाकळ्यांच्या गर्दीत परागाचा पत्ता नसतो, असला तरी तिथे पोचता येत नाही. चाफा : सुगंध आहे, मध नाही. घाणेरी : फुलपाखरं येतात हे खरं, पण ती डोंगरभर पसरून बाकी सगळं मारते. आणि पिचकारीचं ते शेंदरी फुलांचं झाड. त्याच्या फुलांत लहान माश्या मेलेल्या सापडतात.

फुलपाखरांना फुलांआधी पानं हवीत, कारण अंडी ठरावीक झाडाच्याच पानांवर घातली जातात. लिंबू आणि कढीपत्त्यावर लिंबाचं फुलपाखरू आणि मॉरमॉनच्या अळ्या; राज्य फुलपाखरू असलेलं ब्लू मॉरमॉनसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. रुईवर प्लेन टायगर. ईश्वरीच्या वेलीवर क्रिमझन रोज. सीताफळ आणि उंच हिरव्या अशोकावर टेल्ड जे. बाल्कनीतल्या पानफुटीवर रेड पिएरो. एकदा ठाण्यात ओवळ्याच्या ओवळेकर वाडीत, तिथल्या फुलपाखरांच्या बागेत जाऊन हे सगळं जमिनीवर उभं असलेलं बघा, पावसानंतर गेलात तर उत्तम. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब लावा.

तपासून पाहा : यादीत एकेका जातीची एकेकच कुंडी लिहिली आहे का? मग यादी पुन्हा करा. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीची फुलं फिरते. पाच तऱ्हांची पाच रोपं तिला परवडत नाहीत. एकाच जातीची पाच-सात रोपं एका वाफ्यात शेजारी हवीत.

इशारा : येऊरच्या रानातून रोपं उपटून आणू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तो गुन्हा ठरतो.

## टप्पा ५ : लागवड आणि पहिले तीन महिने

नर्सरीतून फुललेलं नव्हे, फुटवे असलेलं रोप घ्या. काय फवारलं आहे ते विचारा. उत्तर बहुधा "काही नाही" असंच येतं. म्हणून आणल्यावर पहिल्या कळ्या खुडून टाका आणि नव्या फुटीवरची फुलं येऊ द्या. हे जिवावर येतं, पण करा.

पहिल्या पावसात घाईने लावू नका. वळीव पडून गेला की पुन्हा आठ दिवस कडक ऊन असतं आणि रोपं माना टाकतात. मोसमी पाऊस स्थिरावला की लावा. बाल्कनीसाठी बारा इंची कुंडी, लिंबू आणि कढीपत्त्याला त्याहून मोठी. तळाची भोकं मोकळी आहेत ना पाहा. आपल्याकडे जुलैमध्ये झाड तहानेने मरत नाही, मुळं कुजून मरतं.

पानं कुरतडलेली दिसू लागली की तक्रारी येतात. त्याआधीच वाफ्यात छोटी पाटी लावा : "या झाडाची पानं अळ्यांसाठी आहेत. फवारणी करू नये." सोसायटीत पाटीला माणसापेक्षा जास्त मान असतो.

## टप्पा ६ : पाणी

मातीची पसरट थाळी घ्या, तिच्यात गोटे ठेवा आणि गोट्यांची डोकी कोरडी राहतील इतकंच पाणी घाला. खोल भांड्यात माश्या बुडतात. पाणी एक दिवसाआड ओतून थाळी घासा, नाहीतर डासांच्या नावाने महापालिकेची नोटीस तुमच्याच दारात येईल, आणि ती योग्यच असेल. पावसाळ्यात थाळी उचलून ठेवा. साखरेचं पाणी ठेवू नका. मुंग्या येतात आणि एका पोळ्याचा रोग दुसऱ्याकडे जायला वाट मिळते.

## टप्पा ७ : घरट्यांना जागा

खायला आहे आणि राहायला नाही, अशी अवस्था बहुतेक सुंदर बागांची असते. माती झाकलेली, पाला उचललेला, वाळकं लाकूड फेकलेलं. एकट्या राहणाऱ्या पुष्कळ माश्या जमिनीत बीळ करतात. त्यांना उन्हातला दोन बाय दोन फुटांचा उघडा, न खणलेला तुकडा पुरतो. त्यावर लॉन नको, नारळाची सोडणं नकोत.

भुंग्यांसाठी मऊ लाकडाचा वाळका ओंडका किंवा जाड बांबू एखाद्या कोपऱ्यात ठेवा. पर्गोल्याला (बागेतल्या लाकडी मांडवाला) भोकं पाडतात म्हणून त्यांच्यावर औषध मारण्यापेक्षा हे स्वस्त. लहान माश्यांसाठी बांबूच्या नळ्या कापा : एक टोक गाठीने बंद, भोक ४ ते १० मिलिमीटर, लांबी १० ते १५ सेंटिमीटर. जुडी बांधून पूर्वेकडे तोंड करून, सज्जाखाली पाऊस लागणार नाही अशी घट्ट टांगा. वाऱ्याने झुलणारी नको. जूनमध्ये टांगाल तर बुरशी धरेल, म्हणून ऑक्टोबर. एक वर्ष वापरून रिकाम्या झालेल्या नळ्या बदला. ऑनलाइन मिळणारी पाइनच्या बोंडांची सुबक "बी हॉटेल" भिंतीची शोभा म्हणून घ्यायला हरकत नाही.

पाला जाळू नका. झाडाखालीच पसरू द्या. कमिटीला कचरा वाटत असेल तर विटांची नीटस किनार करा, तोच पाला लगेच बाग दिसू लागतो.

इशारा : इमारतीला रंग किंवा प्लास्टर करताना भिंतीच्या फटीतून राळेची छोटी नळी बाहेर आलेली दिसली तर ते पोयाच्या माशीचं दार आहे. ती डंख मारू शकत नाही. कंत्राटदाराला ती फट बुजवायची नाही म्हणून खूण करून द्या.

## टप्पा ८ : आग्या मोहोळ लागलं तर

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात आणि त्या अंगाशीही येतात, म्हणून जरा विस्ताराने.

आग्या माश्या जागा बदलत राहतात. पावसाळा संपला की, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून, पाण्याच्या टाकीखाली किंवा वरच्या मजल्याच्या सज्जाला येऊन लागतात आणि पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी निघून जातात. म्हणजे पोळं कायमचं नसतं. घबराट मात्र पहिल्याच दिवशी होते.

१. आधी काय लागलंय ते दुर्बिणीतून किंवा मोबाइल झूम करून, लांबूनच पाहा. नुसता माश्यांचा घोस आहे आणि आत मेणाचं पोळं दिसत नाही, तर तो वाटेत विसावलेला थवा असू शकतो. दोन-तीन दिवस थांबा. तळहाताएवढं पोळं झुडपात किंवा एसीच्या जाळीला असेल तर ती फुलोरी. पडदा ओढून घ्या आणि राहू द्या.

२. आग्याच असेल तर अंतर पाहा. टाकीखाली, कुणाच्या खिडकीपासून लांब आहे? मग न काढण्याचा निर्णय घ्या. गच्चीचं दार बंद, किल्ली वॉचमनकडे.

३. जवळच्या फ्लॅटना संध्याकाळनंतर पोळ्याकडच्या खिडक्या बंद ठेवायला आणि त्या बाजूचे दिवे मालवायला सांगा. या माश्या रात्री उजेडाकडे येतात. "घरात घुसल्या" या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा चालू ट्यूबलाइट असतं.

४. दोरीवर लटकून काचा पुसणारे, रंगारी, केबलवाले, टाकी धुणारे यांना पोळं असेपर्यंत त्या बाजूला काम देऊ नका. ड्रिलिंग, जनरेटरचा धूर, दिवाळीचे रॉकेट, संक्रांतीचे पतंग, सगळं या हंगामातच येतं. कधीकधी कुणाचीच चूक नसते : मधुबाज नावाचा शिकारी पक्षी पोळं फोडतो आणि खवळलेल्या माश्या खाली उतरतात.

५. खिडकीला अगदी लागून असेल, घरात डंखाची तीव्र ॲलर्जी असलेलं माणूस असेल, तर काढावं लागेल. ते पेस्ट कंट्रोलचं काम नाही. मोहोळ काढण्यात मुरलेला माणूस अंधार पडल्यावर, अंगभर संरक्षक कपडे घालून, धुराने माश्या हटवून काढतो. औषध मारलं की अर्धमेल्या माश्या खालच्या मजल्यांवर पडतात, चिडलेल्या दुसऱ्या दिवशी हल्ला करतात, आणि विषारी झालेला मध खायला आसपासच्या माश्या येऊन मरतात. टेंभा लावून जाळणं तर इमारतीलाच आग लावण्याचा प्रकार.

६. माश्या गेल्यावर रिकामं पोळं खरवडून जागा साबणाने धुवा. त्याच जागी पुढच्या वर्षी त्या परत येतात. येऊ द्यायच्या नसतील तर सप्टेंबरमध्येच तिथे जाळी लावून घ्या.

हल्ला झाला तर : हात झटकू नका, तोंड झाकून घरात किंवा बंद गाडीत पळा. पाण्यात उडी मारू नका. रुतलेला काटा नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा, कारण तो विष सोडत राहतो. त्यातून सुटणारा वास बाकीच्या माश्यांना बोलावतो, म्हणून तिथे रेंगाळू नका. खूप डंख बसले, ओठ-घसा सुजला, श्वास लागला किंवा चक्कर आली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

## टप्पा ९ : कमिटी बदलली तरी काम टिकावं म्हणून

सेक्रेटरी बदलला की बाग बदलते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तोंडी ठरलेलं टिकत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. विषयपत्रिका निघण्याआधी हा मजकूर सेक्रेटरीकडे लेखी द्या :

"सोसायटीच्या आवारातील फुलझाडांवर रासायनिक कीटकनाशकाची फवारणी करण्यात येऊ नये. डासनियंत्रण प्रथम साचलेले पाणी काढून व जैविक अळीनाशक वापरून करण्यात यावे. मधमाश्यांचे पोळे आढळल्यास कमिटीच्या लेखी निर्णयाशिवाय ते काढण्यात येऊ नये. झाडांची छाटणी बहराचा काळ टाळून करण्यात यावी."

सभेत लांब भाषण करू नका. टप्पा २ मधली नोंद दाखवा आणि बसा. विरोध बहुतेक पोळ्याच्या मुद्द्यावर होईल. तेव्हा "काढणारच नाही" असं म्हणू नका, "कमिटी लेखी ठरवेल" एवढ्यावर थांबा. ठराव पास होणं महत्त्वाचं.

माळ्याशी स्वतः बोला. तो बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो, महिन्या-दोन महिन्यांत बदलतो आणि त्याला "स्वच्छ" बाग दाखवायची असते. कुठला कोपरा खुरपायचा नाही, कुठला पाला उचलायचा नाही, कोणत्या झाडावर काही मारायचं नाही, हे त्याला वाचता येईल अशा भाषेत एका कागदावर लिहा, लॅमिनेट करा आणि पंपाच्या खोलीत टांगा. शेजारच्या सोसायटीत असंच काम करणारं कुणी असेल तर कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची झुडपं लावा. सलग पट्टा तयार होतो.

आणि एक वही ठेवा. तिच्यात करारातल्या औषधांची नावं, लावलेल्या झाडांची यादी महिन्यांसह, पोळी कुठे आणि कधी लागली, आणि दहा मिनिटांच्या पाहणीच्या नोंदी, वर्षातून निदान तीनदा : फेब्रुवारी, मे आणि ऑक्टोबर. पहिल्या वर्षी आकडे फारसे हलणार नाहीत, कारण झुडपं अजून लहान असतात. दुसऱ्या ऑक्टोबरातही एखाद्या वाफ्याकडे कुणी फिरकत नसेल तर तिथली जात बदला. त्याआधी माळ्याच्या खोलीतल्या बाटल्या पुन्हा एकदा बघून या.